अंकीय पृथ्वीगोल आणि पवई परिसर : नकाशाविषयक हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नकाशा हे जसे ज्ञानाचे साधन आहे तसेच ते सत्तेचेही साधन आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना नवीन नाही. ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती महसूल, सैन्याची वाट आणि पाण्याचा वाटा, असे मानण्याचा काळ आपल्याकडे फार जुना नाही. इ.स. २००५ च्या जूनमध्ये ‘गुगल अर्थ’ ही संगणक प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध झाली आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. ज्या भूभागाचा तपशीलवार नकाशा मिळवण्यासाठी प्राध्यापकाला विभागप्रमुखांचे पत्र घेऊन सरकारी कचेरीत खेटे घालावे लागत, तो भूभाग महाविद्यालयाच्या संगणक कक्षात विद्यार्थ्याला क्षणात दिसू लागला.

या घटनेचा विचार बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा एक टप्पा म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखात तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयाचा आहे. भूमी वरून पाहण्याचा, तिचा नकाशा काढण्याचा आणि काढलेल्या नकाशाला प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाकडे होता व तो कसा सरकत गेला, हा येथे मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी मुंबई उपनगरातील पवई हा परिसर निवडला आहे. येथे एकोणिसाव्या शतकातील तलाव आहे, दूरसंवेदनाचे अध्यापन व संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि डोळ्यांदेखत बदललेली जमीन आहे. नकाशाच्या इतिहासातील बहुतेक सर्व वळणे या एका परिसरातून पाहता येतात.

१. मोजणीचा वारसा

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले काम पुढे त्रिकोणमितीय महासर्वेक्षण म्हणून प्रसिद्ध झाले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी निश्चित केलेले पृथ्वीच्या आकाराचे गणित भारतीय नकाशांचा पाया ठरले आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून राहिले. मुंबई शहराची सविस्तर मोजणी कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात झाली. घर, गल्ली, विहीर यांची नोंद घेणारे ते काम आजही शहराच्या इतिहासकारांना उपयोगी पडते.

पवई मात्र त्या काळी शहराबाहेर, साष्टी बेटात होती. शहराला तिची आठवण झाली ती पाण्यासाठी. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी तलाव १८७९ मध्ये आणि पवई तलाव १८९१ मध्ये पूर्ण झाला. पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, म्हणून पुढे ते उद्योगांसाठी व अन्य वापरासाठी राहिले. शहराची गरज ज्या दिशेने सरकते त्या दिशेने मोजणीची साखळीही सरकते, हे यावरून दिसते. पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली ही गावे महसुली दप्तरात नोंदली गेली ती सारा आणि भूसंपादन यांच्या निमित्ताने. तेथे राहणाऱ्यांनी आपल्या परिसराचा नकाशा पाहावा, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

२. गोपनीयतेचे पर्व

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था सैल होईल अशी अपेक्षा करता आली असती. प्रत्यक्षात सीमेवरील युद्धांच्या अनुभवामुळे ती अधिक घट्ट झाली. संरक्षण खात्याच्या धोरणानुसार देशाच्या सीमा व समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील स्थलदर्शक नकाशे निर्बंधित मानले जात. मुंबईपुरता या नियमाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. संपूर्ण मुंबई, ठाणे आणि कोकणाचा फार मोठा भाग या पट्ट्यात येतो. म्हणजे देशातील सर्वांत दाट वस्तीच्या महानगराचा तपशीलवार सरकारी नकाशा त्याच महानगरातील अध्यापकाला सहज मिळू शकत नव्हता. हवाई छायाचित्रांसाठीही पूर्वपरवानगी आणि छाननी यांची लांब वाट होती.

या निर्बंधांमागील चिंता खोटी नव्हती. मात्र त्यांचा एक परिणाम असा झाला की, नकाशा वाचण्याची सवयच समाजात रुजली नाही. भूगोलाच्या वर्गात नकाशे भिंतीवर टांगले गेले; नगररचनेचा आराखडा, पूररेषा किंवा भूसंपादनाची अधिसूचना वाचताना मात्र सुशिक्षित नागरिकही गोंधळत राहिला.

३. पवईतील दूरसंवेदन

याच काळात समांतरपणे दुसरा प्रवाह वाहत होता. प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळातील नारळीच्या बागांवरील रोग हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांद्वारे ओळखण्याचा प्रयोग केला. भारतीय दूरसंवेदनाचा तो आरंभ मानला जातो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला. पवई येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७६ मध्ये ‘सेंटर ऑफ स्टडीज इन रिसोर्सेस इंजिनिअरिंग’ हे केंद्र स्थापन झाले. उपग्रह प्रतिमांवरून जमीन, पाणी, वने व खनिजे यांचा अभ्यास करणे हा त्याचा विषय. भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह ‘आय.आर.एस.–१ए’ मार्च १९८८ मध्ये अवकाशात गेला, त्याच्या एक तप आधीची ही गोष्ट आहे.

या केंद्रात केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ‘ग्रॅम’ आणि पुढे ‘ग्रॅम प्लस प्लस’ ही देशी भौगोलिक माहिती प्रणाली विकसित झाली. जमिनीचा प्रकार, उतार, विहिरी, रस्ते अशी माहितीची वेगवेगळी पटले एकमेकांवर ठेवून जिल्हा पातळीवर नियोजन करता यावे, हा तिचा हेतू होता. परदेशी प्रणाल्यांची किंमत सामान्य महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असताना या प्रयत्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या ‘आय.आर.एस.–१सी’ उपग्रहाची विभेदनक्षमता ५.८ मीटर होती आणि नागरी उपयोगाच्या उपग्रहांत ती त्या वेळी जगात अग्रेसर होती. प्रतिमा होत्या, प्रणाली होती, तज्ज्ञही होते. वाण होती ती सर्वसामान्यांना खुल्या असलेल्या दाराची.

४. इ.स. २००५ : दार उघडले

ते दार बाहेरून उघडले. ‘कीहोल’ नावाच्या अमेरिकन कंपनीने पृथ्वीगोल संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहण्याची प्रणाली तयार केली होती. गुगलने ती कंपनी ऑक्टोबर २००४ मध्ये विकत घेतली. तिच्या यशामागे अनेक घटना एकत्र आल्या होत्या. एक मीटर विभेदनाचा ‘आयकोनॉस’ हा व्यापारी उपग्रह सप्टेंबर १९९९ मध्ये गेला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. मे २००० मध्ये अमेरिकेने जी.पी.एस. संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली. प्रतिमांचे लहान चौकोनी तुकडे करून पाहणाऱ्याला हवे तेवढेच तुकडे, हव्या त्या सूक्ष्मतेत पाठवण्याची युक्ती जुळून आल्याने साध्या जोडणीवरही पृथ्वीगोल फिरू लागला.

भारत सरकारनेही मे २००५ मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केले. त्यानुसार संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी खुली अशी दुसरी, अशा नकाशांच्या दोन मालिका ठरल्या. खुली मालिका एव्हरेस्टच्या जुन्या गणिताऐवजी जी.पी.एस.ला आधारभूत असलेल्या जागतिक मानकावर बेतली गेली. हा फरक केवळ शास्त्रीय नाही. एकाच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींनी दिल्यास मुंबईच्या परिसरात जागा शंभर मीटरांच्या आसपास सरकते. जुना महसुली नकाशा उपग्रह प्रतिमेवर ठेवणाऱ्या अभ्यासकाने हे भान राखले नाही, तर एका आवारातील इमारत शेजारच्या आवारात गेलेली दिसते.

गुगल अर्थ उपलब्ध होऊन महिनाही झाला नव्हता, तोच २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर महापूर कोसळला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, ही गोष्ट असंख्य मुंबईकरांना त्या दिवसानंतर कळली. शहराने नदीला नाला म्हणण्याची सवय लावून घेतली होती. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये आपला अहवाल दिला. महानगराच्या उंच-सखलपणाचे सूक्ष्म नकाशे असणे किती निकडीचे आहे, हे या आपत्तीने दाखवून दिले. पृथ्वीगोलावर पवईचे डोंगर आणि तलाव दिसत होते. परंतु त्या वेळी भारतासाठी खुली असलेली अवकाशातून घेतलेली उंचीची मापे सुमारे ९० मीटर अंतरावरील बिंदूंची होती. ज्या नदीचे पात्र अनेक ठिकाणी याहून अरुंद आहे, तिच्या पुराचा अंदाज अशा मापांवरून बांधता येत नाही. पाहणे सर्वांना शक्य झाले, मोजणे अद्याप झाले नव्हते. या दोन क्रियांतील अंतर पुढील वीस वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळते.

५. भीती, स्पर्धा आणि नवे धोरण

खुल्या प्रतिमांविषयीची भीती लगेच व्यक्त झाली. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना अशा प्रतिमांमुळे सुरक्षिततेला पोहोचणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. हल्लेखोरांनी उपग्रह प्रतिमा व जी.पी.एस. यांचा उपयोग केल्याचे पुढे आले आणि डिसेंबरमध्ये अशा प्रतिमांवर बंदी घालावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. मुंबईकरांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नव्हता. ज्या साधनाने नागरिकाला आपली नदी दाखवली, त्याच साधनाने मारेकऱ्याला वाट दाखवली होती.

शासनाने बंदीऐवजी स्पर्धेचा मार्ग घेतला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळाचे उद्घाटन १२ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते झाले. जमीन वापर, पीक, भूजल अशा विषयवार नकाशांमुळे भुवनचे शैक्षणिक मूल्य मोठे ठरले. तथापि धोरणाची आंदोलने चालूच राहिली. २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा आला. पूर्वपरवानगीची सक्ती आणि जबर दंड यांमुळे त्यावर सर्व थरांतून टीका झाली व तो मागे पडला. याच्या नेमक्या उलट दिशेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय नागरिक, संस्था व कंपन्या यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट राहिली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्याच वर्षी जुलैमध्ये रस्त्यावरून घेतलेल्या सलग चित्रांची गुगलची सेवा भारतात सुरू झाली. त्यासाठी चित्रे पुरवणाऱ्या भारतीय कंपन्यांपैकी जेनेसिस इंटरनॅशनल ही पवईपासून जवळच, अंधेरीच्या सीप्झमधील आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात पवईच्या संस्थेने याच सुमारास आणखी एक पाऊल टाकले. ‘फॉसी’ या मुक्त संगणक प्रणालींच्या प्रकल्पाद्वारे, भारतीय अवकाश संशोधन संस्था व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांच्या सहकार्याने, विद्यार्थ्यांसाठी ‘मॅपॅथॉन’ हा नकाशानिर्मितीचा उपक्रम घेण्यात आला. एकेकाळी ज्या देशात नकाशा बाळगणे संशयास्पद होते, तेथे विद्यार्थ्यांना नकाशे काढण्यास निमंत्रण दिले जाऊ लागले.

६. प्रतिमेपासून पुराव्यापर्यंत

दिसणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर पवई तलावाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने २००६-०७ मधील उपग्रह प्रतिमांच्या आधारे देशातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २.२५ हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ पाणथळ जागा मोजल्या गेल्या. वापरलेल्या प्रतिमांतील एक चित्रबिंदू २३.५ मीटरांचा, म्हणजे सव्वादोन हेक्टरांचे तळे जेमतेम चाळीस बिंदूंचे. एवढ्या मोजक्या ठिपक्यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कायद्याचे संरक्षण मिळाले. उपग्रह प्रतिमेवरून बनलेली यादी न्यायालयीन दस्तऐवज झाली.

पुढे मुंबई महानगरपालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल मार्ग बांधण्यास सुरुवात केली. त्याला आव्हान देणाऱ्यांत पवईच्याच तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक विद्यार्थी होते. तलाव मानवनिर्मित आहे, तेव्हा त्याला पाणथळ जागांचे नियम लागू होतात काय, हा प्रश्न त्या निमित्ताने चर्चेला आला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. एका दृष्टीने वर्तुळाचा रोख बदललेला येथे दिसतो. १८९१ मध्ये तलावाची रेषा शासनाने आखली होती. २०२२ मध्ये ती रेषा कोठे आहे, हे नागरिक शासनाला विचारू शकले.

मात्र प्रतिमेच्या मर्यादाही येथेच लक्षात घेतल्या पाहिजेत. पावसाळ्यात मुंबईवर ढगांचे आच्छादन असते, त्यामुळे सामान्य प्रकाशीय उपग्रहांना जून ते सप्टेंबर या काळात जमीन क्वचितच दिसते. पृथ्वीगोलावर आपण पाहतो ती मुंबई बहुतांशी कोरड्या ऋतूतील असते. तलाव भरून सांडव्यावरून वाहतो तेव्हाची त्याची खरी सीमा नेमकी या प्रतिमांत सापडत नाही. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह, उदाहरणार्थ २०१२ चा ‘रिसॅट–१’, हा त्यावरील उपाय. पण त्यांच्या प्रतिमा वाचण्यास प्रशिक्षण लागते. जलपर्णीने झाकलेले पाणी वरून हिरवळीसारखे भासते. तिरक्या कोनातून घेतलेल्या प्रतिमेत हिरानंदानी संकुलातील उंच इमारती कलल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या सावलीत रस्ते लपतात. शिवाय पृथ्वीगोल वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांनी जोडलेला असतो. प्रतिमेची तारीख न नोंदवता काढलेला निष्कर्ष हा तारीख नसलेल्या पत्रावर लिहिलेल्या इतिहासासारखा असतो.

या संदर्भात महाराष्ट्रातील गावठाणांचे ड्रोनद्वारे होणारे सर्वेक्षण उद्बोधक आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोन उडवण्यापूर्वी गावकऱ्यांच्या समक्ष मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. वरून घेतलेल्या छायाचित्रात ती पांढरी रेघ उमटते, तेव्हाच हद्द कळते. अर्थात आकाशातील कॅमेऱ्याला मालकी दिसत नाही. ती शेजाऱ्यांच्या संमतीने जमिनीवर आधी लिहावी लागते.

७. नावांचा प्रश्न

शेवटचा मुद्दा नावांचा. पृथ्वीगोलावर पवई शोधणाऱ्याला तंत्रज्ञान संस्था, गृहसंकुले, उपाहारगृहे, कंपन्यांची कार्यालये यांची नावे सहज सापडतात. जे नाव अधिक शोधले जाते ते अधिक ठळक होते, हा या माध्यमाचा स्वभाव आहे. तिरंदाज, कोपरी, पासपोली ही महसुली गावे आणि तलाव परिसरातील आदिवासी पाडे यांची नावे दप्तरात व लोकांच्या तोंडी आहेत. पण ती ठळक करण्यात बाजाराला फारसे स्वारस्य नाही. नाव गेले की त्याबरोबर वहिवाट, देवस्थान, ओढा आणि बांध यांची स्मृतीही जाते. मिठी नदीच्या बाबतीत शहराने याची किंमत मोजली आहे. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या मुक्त नकाशात कोणालाही स्थानिक नावे देवनागरीत नोंदवता येतात. ही संधी अद्याप पुरेशी वापरली गेलेली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अंकीय पृथ्वीगोलाने पाहण्याचा हक्क सर्वांना दिला आणि २०२१ च्या धोरणाने नकाशा काढण्याचा हक्क बऱ्याच अंशी मोकळा केला. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र कोणत्याही प्रणालीबरोबर आपोआप येत नाही. तो वापरण्यासाठी प्रतिमेची तारीख, तिचे विभेदन, तिचा ऋतू आणि जमिनीवरील पडताळणी यांचे शिक्षण लागते. पवई तलावाच्या वादात हे शिक्षण असलेले लोक योगायोगाने काठावरच राहत होते. राज्यातील बहुसंख्य तलाव, ओढे आणि गायराने यांच्या काठावर अशी संस्था नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय आहे.

म्हणून हे काम महाविद्यालयांनी अंगावर घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या भूगोल व इतिहास विभागांनी आपल्या पंचक्रोशीतील पाण्याच्या जागांच्या जुन्या-नव्या प्रतिमा तारखेसह जपून ठेवाव्यात, पावसाळ्यातील सीमा विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष चालून नोंदवून घ्याव्यात आणि वृद्धांकडून स्थळनावे गोळा करून ती मुक्त नकाशावर चढवावीत. यासाठी मोठा निधी लागत नाही. असा संग्रह हाताशी असेल, तर उद्या एखाद्या गावच्या तळ्याचा वाद उभा राहिल्यास न्यायालयापुढे ठेवण्यासाठी तारीख असलेला, चालून तपासलेला आणि नावानिशी नोंदलेला पुरावा त्या गावाजवळ असेल.